रकाने भरणारे हात

'बहिष्कृत भारत' चालवताना बाबासाहेब आंबेडकरांना अंकाचे २४-२४ रकाने एकट्याने लिहून काढावे लागत. मजकूर देणारे हात नव्हते आणि गाठीला पैसा नव्हता. १९२७ साली सुरू झालेले ते पाक्षिक १९२९ मध्ये बंद पडले. 'पत्रकार डॉ. बाबासाहेब आंबेडकर' हा ग्रंथ लिहिणाऱ्या डॉ. गंगाधर पानतावणे यांना हा इतिहास पाठ होता. म्हणूनच 'अस्मितादर्श' या त्रैमासिकाचे संपादक या नात्याने त्यांनी आयुष्यभर एक काम केले. त्यांनी लिहिणारे हात तयार केले.

सुरुवात औरंगाबादच्या नागसेनवनातली. बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे मिलिंद महाविद्यालय तिथेच आहे. घरात पहिल्यांदाच कॉलेजची पायरी चढलेली खेड्यापाड्यांतली मुले तिथे शिकायला येत. डॉ. म. ना. वानखेडे तिथले प्राचार्य. अमेरिकेत शिकून आलेल्या वानखेड्यांनी तिथल्या काळ्या लेखकांचे साहित्य जवळून वाचले होते आणि दलित लेखकांनी त्याकडे पाहावे, असा त्यांचा आग्रह होता. पानतावणे त्याच महाविद्यालयात मराठी शिकवत. या वातावरणात १९६७ मध्ये 'अस्मिता' निघाले आणि १९६८ पासून ते 'अस्मितादर्श' झाले.

या नावापाशी जरा थांबायला हवे. आदर्श म्हणजे अनुकरणीय नमुना, हा आपल्या रोजच्या बोलण्यातला अर्थ. संस्कृतात मात्र आदर्श म्हणजे आरसा. तोवर मराठी कथा-कादंबरीत गावकुसाबाहेरचा माणूस आलाच, तर बहुधा दुसऱ्याने पाहिलेला. त्यात कणव असे, पण नजर परकी. 'अस्मितादर्श'च्या आरशासमोर तो स्वतः उभा राहिला आणि जे दिसले ते आपल्या बोलीत लिहू लागला.

दया पवार, वामन निंबाळकर, योगीराज वाघमारे, त्र्यंबक सपकाळे असे कितीतरी जण या त्रैमासिकात लिहिते झाले. कवितेला, कथेला जागा मिळाली, तशीच समीक्षेलाही मिळाली. ती फार मोलाची होती, कारण नव्या लेखनाला जुनी मापे लावणाऱ्यांना उत्तर द्यायचे तर स्वतःची मापे घडवावी लागतात. अंकाच्या जोडीला 'अस्मितादर्श'चे साहित्य मेळावे भरत. गावोगावचे नवे लेखक तिथे एकमेकांना भेटत, वाचून दाखवत, वाद घालत.

असे काम टिकवणे सोपे नसते. १९२६ साली न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीत लँग्स्टन ह्यूज, झोरा नील हर्स्टन, वॉलेस थर्मन या तरुण कृष्णवर्णीय लेखकांनी 'फायर' नावाचे नियतकालिक काढले. त्याचा एकच अंक निघू शकला. आपल्याकडे १९७२ मध्ये अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून नाव घेतलेली दलित पँथर ही संघटना उभी राहिली, पण दोन वर्षांत तिच्यात फूट पडली. १९८१ पासून बेंगळुरूहून व्ही. टी. राजशेखर यांच्या 'दलित व्हॉईस' या इंग्रजी पाक्षिकाने दलित आणि काळे यांचे नाते राजकारणाच्या अंगाने जगापुढे मांडले. या साऱ्या धामधुमीत 'अस्मितादर्श' साहित्याची वाट धरून चालत राहिले. चळवळीला आग लागते तशी चूल पेटती ठेवणारा माणूसही लागतो. पानतावणे तो माणूस होते.

२००९ मध्ये अमेरिकेत सॅन होजे इथे पहिले विश्व मराठी साहित्य संमेलन भरले, त्याचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. ज्या देशातल्या काळ्या लेखकांकडून नागसेनवनाने बळ घेतले, त्या देशात 'अस्मितादर्श'चा संपादक मराठी साहित्याचा प्रतिनिधी म्हणून उभा राहिला. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली आणि त्याच वर्षी २७ मार्चला ते गेले.

वाचकांना एकच विनंती आहे. तुमच्या गावच्या वाचनालयात 'अस्मितादर्श'चे जुने अंक असतील, तर ते रद्दीत जाऊ देऊ नका. आणि आज असे एखादे छोटे नियतकालिक तुमच्या आसपास निघत असेल, तर त्याची वर्गणी वेळेवर भरा. 'बहिष्कृत भारत' पैशाअभावी थांबले होते, एवढे लक्षात असू द्या.