फुटपाथ धुवायचा की खरवडायचा? इंदूरकडे बघून प्रेशर वॉशर घेणाऱ्यांसाठी

इंदूर : रंगपंचमीची गेर राजवाड्यावरून पुढे सरकते तेव्हा रस्ता, फुटपाथ, दुकानांच्या पायऱ्या सगळं रंगून गेलेलं असतं. तिच्यामागोमाग महापालिकेचे सफाई कामगार झाडू, यंत्रं आणि पाण्याचे टँकर घेऊन उतरतात आणि बघता बघता रस्ता मोकळा होतो. २०१७ ते २०२३ अशी सलग सात वर्षं स्वच्छ सर्वेक्षणात पहिलं आलेलं हे शहर. ते बघून आता दुकानदार आणि सोसायट्याही प्रेशर वॉशर घेतात. फक्त ‘जेवढा दाब जास्त तेवढं स्वच्छ’ हा समज फुटपाथच्या मुळावर येतो.

नळाच्या पाण्याला जेमतेम दोन-तीन बार दाब असतो. विजेवरच्या लहान मशीनला १०० ते १३० बार, इंजिनवरच्या मोठ्या मशीनला २०० च्या आसपास. काँक्रीटला हा दाब सोसतो, पण नोझल चुकलं तर नाही. लाल, म्हणजे शून्य अंशाचं नोझल पाण्याची सुई बनवतं. ते सिमेंटचा वरचा थर उडवतं, रेघा पडतात, आणि खडबडीत झालेल्या जागी पुढची घाण आणखी घट्ट बसते. फुटपाथला हिरवं, २५ अंशांचं नोझल घ्यावं, वीतभर अंतर ठेवावं आणि हात सतत चालता ठेवावा. मोठ्या जागेला गोल झाकणाखाली फिरणारे नोझल असलेलं सरफेस क्लीनर बरं. पट्टे उमटत नाहीत. नवं काँक्रीट किमान २८ दिवस तरी या मशीनपासून लांबच ठेवावं.

सराफ्यात दिवसा सोनं-चांदी विकली जाते, रात्री त्याच दुकानांसमोर कढया लागतात. अशा जागेचं तेल-तूप नुसत्या गार पाण्याने निघत नाही, पसरतं. आधी कोरडं झाडून घ्यावं, फरशी ओली करावी, मग साबणाचं पाणी टाकून दहा मिनिटं थांबावं (वाळू मात्र देऊ नये), ब्रश मारावा आणि शेवटी मशीन. खरं काम ही दहा मिनिटंच करतात. ॲसिड नकोच, ते सिमेंट खातं. शेवाळाला ब्लीचिंग पावडर चालते. पण ती आणि ॲसिड एकत्र आले तर विषारी क्लोरीन वायू सुटतो.

पेव्हर ब्लॉक असतील तर फवारा सांध्यांवर तिरका मारावा. सरळ मारला की मधली रेती उडते, ब्लॉक हलतात आणि पावसाळ्यात पाय अडखळतो. धुऊन वाळल्यावर बारीक कोरडी रेती परत भरावी. हे काम जवळपास सगळेच विसरतात.

राहिला पाण्याचा प्रश्न. इंदूरला नर्मदेचं पाणी जलूदहून सुमारे ७० किलोमीटर चढावर पंपाने आणावं लागतं; ते फुटपाथवर ओतणं परवडणारं नाही. २०२१ मध्ये देशातलं पहिलं ‘वॉटर प्लस’ शहर ठरलेल्या इंदुरात अशा कामांना प्रक्रिया केलेलं सांडपाणी वापरलं जातं. कल्पना चांगलीच आहे. मात्र दाबाने उडणारे बारीक तुषार नाकातोंडात जातात, तेव्हा कामगाराला मास्क, चष्मा आणि गमबूट द्यायलाच हवेत.

मशीनची वायर ईएलसीबी असलेल्या जोडणीवरच लावावी. आणि फवारा कुणाच्या हातापायाला लागला तर जखम टाचणीएवढी दिसली तरी लगेच दवाखाना गाठावा. पाणी कातडीच्या आत खोलवर शिरलेलं असू शकतं. डॉक्टरांना ‘प्रेशर वॉशरने लागलं’ असं स्पष्ट सांगावं.