कंट्रोल-एस दाबलं, पण सेव्ह झालंच नाही

पीएचडीच्या पहिल्या महिन्यातली गोष्ट. लॅबमधल्या एका सीनियर ताईने सांगितलं, "थिसिस ईमॅक्समध्ये लिही, पुढे मला दुवा देशील." मी नवी फाइल उघडली, संशोधन आराखड्याचं पहिलं पान टाइप केलं, सवयीने कंट्रोल-एस दाबलं आणि पुढचं वाक्य लिहायला लागलो. पानावर काही उमटेना. तळाच्या ओळीत मात्र माझी अक्षरं गोळा होत होती आणि त्यांच्या आधी 'फेलिंग आय-सर्च' असं लिहिलेलं. ईमॅक्समध्ये कंट्रोल-एस म्हणजे 'शोध'. मला वाटत होतं मी लिहितोय, आणि तो बिचारा माझं नवीन वाक्य माझ्याच जुन्या मजकुरात शोधत होता. मी गोंधळून कीबोर्डवर काहीबाही दाबत असताना लाइट गेली.

दुसऱ्या दिवशी ताईने 'रिकव्हर-धिस-फाइल' ही आज्ञा दिली आणि जवळजवळ सगळं परत आलं. साधारण ३०० वेळा कळ दाबली गेली, किंवा ३० सेकंद हात थांबले, की ईमॅक्स गुपचूप एक वेगळी प्रत ठेवत असतो. म्हणजे ज्या प्रोग्रॅमने मला साधं सेव्ह करू दिलं नाही, त्यानेच माझं लिखाण वाचवलंही. हा विरोधाभास माझ्या डोक्यातून गेला नाही, आणि आज मी ज्या विषयावर काम करतोय तो त्यातूनच निघाला.

तुमच्यापैकी ज्यांनी ईमॅक्स पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. नोटपॅडसारखाच हा एक टेक्स्ट एडिटर, फक्त आतून बाहेरून बदलता येणारा. कोड लिहा, लेटेक लिहा, नोंदी ठेवा. पण तुमची बोटं जे शिकून आली आहेत ते इथे चालत नाही. कंट्रोल-व्ही दाबलं तर पेस्ट होत नाही, पान एक पडदाभर पुढे सरकतं. कंट्रोल-ए सगळं निवडत नाही, ओळीच्या सुरुवातीला नेतं. कट-पेस्ट करायला आधी कंट्रोल-एक्स आणि मग कंट्रोल-व्ही दाबलंत, तर ईमॅक्स विचारतो की या फाइलऐवजी दुसरी कोणती फाइल उघडू? आणि कंट्रोल-एक्सनंतर कंट्रोल-सी म्हणजे थेट बाहेर पडा. नशीब, सेव्ह न केलेलं काही असेल तर आधी विचारतो.

हे सगळं विक्षिप्त वाटतं. मलाही वाटलं होतं. पण तारखा लावून बघा. ईमॅक्सचा जन्म १९७६ चा, एमआयटीच्या एआय लॅबमधला. 'टेको' नावाच्या त्याहून जुन्या एडिटरसाठी लिहिलेल्या मॅक्रोंचा तो संच होता, आणि रिचर्ड स्टॉलमन व गाय स्टील ही त्यातली मुख्य नावं. आज आपण वापरतो तो ग्नू ईमॅक्स १९८५ मध्ये लोकांपुढे आला. आपल्या ओळखीचा झेड-एक्स-सी-व्हीचा रिवाज मात्र ॲपलच्या १९८३ च्या लिसा आणि १९८४ च्या मॅकिंटॉशमधून पसरला, विंडोजमध्ये त्याहून नंतर आला. थोडक्यात, ईमॅक्सने रिवाज मोडला नाही. रिवाजच नंतर आला.

शब्दांचंही तेच. तुम्ही ज्याला विंडो म्हणता त्याला ईमॅक्स 'फ्रेम' म्हणतो, आणि त्या फ्रेमच्या आतल्या कप्प्याला 'विंडो'. कट म्हणजे 'किल', पेस्ट म्हणजे 'यँक'. मदतपुस्तिकेत 'मेटा' नावाची कळ सतत भेटते. ती तेव्हाच्या एमआयटीच्या कीबोर्डांवर खरोखर होती, आज तिच्या जागी ऑल्ट दाबायची. नवा माणूस मदत शोधायला गेला तरी अडतो, कारण तो 'पेस्ट' शोधत असतो.

मग बदलून का टाकत नाहीत? इथून खरी मजा सुरू होते. कंट्रोल-एक्स ही ईमॅक्समध्ये एक आज्ञा नाही, ती शेकडो आज्ञांचा दरवाजा आहे. फाइल सेव्ह करायची तर कंट्रोल-एक्स, मग कंट्रोल-एस. तो दरवाजा 'कट'ला देऊन टाकला तर वीस-तीस वर्षं वापरणाऱ्यांची बोटं एका रात्रीत अडाणी होतात. यावरचा एक तोडगा मला फार आवडतो. २००७ च्या २२व्या आवृत्तीसोबत 'सीयूए मोड' मिळू लागला. तो चालू केला की मजकूर निवडलेला नसेल तर कंट्रोल-एक्स पूर्वीसारखाच दरवाजा. निवडलेला असेल तर ईमॅक्स सेकंदाचा पाचवा भाग वाट पाहतो. तेवढ्यात दुसरी कळ आली तर समजतो की जुना माणूस आहे, दरवाजा उघडा. नाही आली तर कट. हात किती वेगाने चालतो यावरून मनात काय आहे ते ओळखायचं! हुशारी आहेच, पण एक मेख आहे. हा मोड मुळात बंद असतो. ज्याला त्याची गरज आहे त्यालाच तो असल्याचं माहीत नसतं.

म्हणून माझ्या मते या विषयाचा गाभा 'सोय आहे की नाही' हा नाही, 'डिफॉल्ट काय आहे' हा आहे. २००९ च्या २३व्या आवृत्तीपासून निवडलेला मजकूर आपोआप रंगीत दिसू लागला. त्याआधी ते मुद्दाम चालू करावं लागायचं! अर्धवट आज्ञेनंतर पुढे कोणत्या कळा चालतील ते दाखवणारं 'व्हिच-की' २०२५ च्या ३०व्या आवृत्तीत आत आलं, पण तेही स्वतः चालू करायचं. आणि निवडलेल्या मजकुरावर टाइप केलं की जुना पुसला जावा, ही साधी गोष्ट ३०व्या आवृत्तीतही डिफॉल्ट नाही.

आता तुमच्या कामाचं. माझ्या पहिल्या आराखड्याचं शीर्षक होतं, 'ईमॅक्सचे आधुनिकीकरण'. मॅडमनी त्यावर एकच शब्द लिहिला: "कोणासाठी?" मी म्हटलं, वापरणाऱ्यांनाच विचारतो, सर्व्हे घेतो. त्या म्हणाल्या, "जे कंटाळून सोडून गेले ते तुझा फॉर्म भरायला येणार आहेत का?" तसा मोठा सर्व्हे २०२० मध्ये झालेलाही आहे, आणि मॅडमची अडचण त्यालाही लागू आहे: उत्तरं देतात ते टिकलेले लोक.

बरं, वेळ मोजायची पद्धत घ्यावी, तर कार्ड, मोरान आणि न्यूवेल यांचं १९८० चं कळ-पातळीचं मॉडेल आहे. हात कीबोर्डवरून माउसवर न्यायला ०.४ सेकंद, माउसने नेम धरायला १.१, मनाची तयारी करायला १.३५, अशी बेरीज करायची. या हिशोबात ईमॅक्स छान दिसतो, हात कीबोर्डवरून हलतच नाही ना. पण हे मॉडेल अशा तरबेज माणसाचं आहे जो चूक करत नाही. माझी ती लाइट गेलेली संध्याकाळ या बेरजेत कुठेच बसत नाही.

रॉबर्ट्स आणि मोरान यांचा १९८३ चा पेपर मला इथे उपयोगी पडला. त्यांनी नऊ एडिटर तपासले, पण एका आकड्यात नाही: तरबेज माणसाला लागणारा वेळ, चुका निस्तरण्याचा वेळ, नवशिक्याला शिकायला लागणारा वेळ आणि एडिटर काय काय करू शकतो, हे चारही वेगवेगळं. तुमचा आराखडा लिहिताना 'सुलभ' हा शब्द आला की त्यातल्या कोणत्या अर्थाने, हे त्याच ओळीत लिहा. मुलाखतीत पहिला प्रश्न तोच येतो.

माझा प्रश्न आता बराच लहान झालाय: दुसऱ्या एडिटरची सवय असलेल्या माणसाच्या पहिल्या तासातल्या चुकांपैकी किती चुका जुन्या सवयीमुळे होतात, आणि फक्त डिफॉल्ट बदलून त्यातल्या किती जातात? जुनी सवय नव्या कामात आड येते त्याला मानसशास्त्रात नकारात्मक संक्रमण म्हणतात. त्या बाजूचं वाचन भरपूर मिळतं.

यात आपल्या घरचाही एक कोपरा आहे. २०२० च्या २७व्या आवृत्तीत 'हार्फबझ' आल्यापासून देवनागरी जोडाक्षरं नीट दिसतात. पण लिनक्सवर कीबोर्ड मराठी इनस्क्रिप्टला ठेवला, तर एक्सच्या कळेवर अनुस्वार असतो आणि एसवर एकाराची मात्रा. मग सेव्ह करायला गेलात की ईमॅक्सला ऐकू येतं 'कंट्रोल-अनुस्वार', आणि तो म्हणतो अशी आज्ञाच नाही. उपाय आहे: सिस्टमचा कीबोर्ड इंग्रजीच ठेवायचा, ईमॅक्सची स्वतःची 'देवनागरी-आयट्रान्स' पद्धत निवडायची आणि कंट्रोल-बॅकस्लॅशने चालू-बंद करायची. हे मला कळायला दीड वर्ष लागलं. माझ्या प्राथमिक चाचणीत मी मराठीत लिहिणाऱ्यांचा वेगळा गट ठेवलाय तो यासाठीच, आणि मॅडमनी त्या पानावर अजून काही लिहिलेलं नाही.