दंड दुखला, गुपित फुटलं!

औषधचाचणी ‘डबल ब्लाइंड’ असली की खरं औषध कोणाला आणि बिनऔषधी प्लासिबो कोणाला, हे रुग्णालाही ठाऊक नसतं आणि तपासणाऱ्या डॉक्टरलाही. पण दुष्परिणाम चहाडी करतात. ताप आला, दंड ठणकला की माणूस ओळखतो: आपल्याला खरी लस मिळाली. मग तो बिनधास्त फिरतो किंवा उगाच बरं वाटल्याचं सांगतो, आणि निष्कर्ष वाकडे होतात.

मुंबईत २०२० मध्ये केईएम आणि नायर रुग्णालयांत जिची चाचणी झाली, त्या कोविशिल्डचंच घ्या. मूळ ऑक्सफर्डच्या ब्रिटनमधल्या चाचणीत तुलनेसाठी मिठाचं पाणी नव्हे, मेनिंजायटिसची लस टोचली. दंड दोघांचेही दुखावेत, हा हिशेब! सिरिंजही अपारदर्शक वेष्टनात.

सर्दीवर क जीवनसत्त्वाचा उपयोग होतो का, हे पाहणाऱ्या, अमेरिकेत १९७५ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत एवढी खबरदारी नव्हती. स्वयंसेवकांनी कॅप्सूल चक्क चाखून पाहिल्या; आंबट ते क जीवनसत्त्व. ज्यांना ओळखता आलं नाही, त्यांच्यात सर्दीच्या मुक्कामात फरक दिसला नाही. सीवूड्समधल्या मेडिकलवाल्याकडे मात्र सर्दी म्हटलं की त्याच गोळ्या मागितल्या जातात.