हिरा पोलादापुढे का हरतो?

हिरा सर्वांत कठीण, तरीही लेथवर पोलाद कापायला हिऱ्याचे टूल लावत नाहीत. कापताना टूलची धार शेकडो अंश तापते. त्या उष्णतेत हिऱ्यातला कार्बन लोखंडात विरघळू लागतो आणि धार झपाट्याने झिजते. ॲल्युमिनियमचे पिस्टन मात्र याच हिऱ्याने सफाईदार कापले जातात. टूलचा कस नुसत्या कठीणपणावर लागत नाही. उष्णता सोसणे आणि धक्क्याने न तुटणे हेही तितकेच मोलाचे.

हायस्पीड स्टील, म्हणजे एचएसएस, चिवट असते. पण सुमारे ६०० अंश सेल्सिअसच्या पुढे ते मऊ पडते. ही मर्यादा ओलांडली कार्बाइडने. बर्लिनच्या ओसराम कंपनीला दिव्यांसाठी टंगस्टनची तार ओढायला हिऱ्याच्या महागड्या डाय लागत. त्यांना पर्याय शोधताना कार्ल श्रोटर यांनी १९२३ मध्ये टंगस्टन कार्बाइडची पूड कोबाल्टमध्ये मिसळून दाबली आणि भट्टीत भाजली. वाळूचे कण सिमेंटने धरावेत तसे कार्बाइडचे दाणे कोबाल्ट धरून ठेवतो. पुढे क्रुप कंपनीने हा पदार्थ ‘विडिया’ नावाने बाजारात आणला. आपल्या वर्कशॉपमध्ये कार्बाइडच्या टिपला आजही अनेक जण ‘विडिया’च म्हणतात.

कोबाल्ट वाढवला की टिप चिवट होते, पण कठीणपणा घटतो. म्हणून खाचा असलेल्या, धक्के देणाऱ्या जॉबला जास्त कोबाल्टची आणि सलग फिनिशिंगला कमी कोबाल्टची ग्रेड घेतात. इन्सर्टवरचा, म्हणजे बदलता येणाऱ्या टिपवरचा, सोनेरी थर टायटॅनियम नायट्राइडचा असतो. त्याची जाडी अवघी काही मायक्रॉन, पण धारेचे आयुष्य तो कितीतरी वाढवतो.

हार्डनिंग केलेल्या पोलादासाठी क्युबिक बोरॉन नायट्राइड, म्हणजे सीबीएन वापरतात. कठीणपणात हिऱ्याखालोखाल असलेला हा पदार्थ रॉबर्ट वेन्टॉर्फ यांनी १९५७ मध्ये अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकमध्ये तयार केला. त्यात कार्बन नसल्याने तापलेल्या लोखंडापुढे तो टिकतो.

आयटीआयतून नुकत्याच बाहेर पडलेल्या मुलामुलींनी इन्सर्टच्या डबीवरची अक्षरे वाचायची सवय लावून घ्यावी. ‘पी’ म्हणजे पोलाद, ‘एम’ स्टेनलेस, ‘के’ बीड, ‘एन’ ॲल्युमिनियम-तांब्यासारखे धातू, ‘एस’ उष्णतारोधक मिश्रधातू, ‘एच’ हार्डनिंग केलेला जॉब. आधी जॉबचा धातू ओळखा, मगच टूल निवडा.