अंतःसहजीवन सिद्धांत

अंतःसहजीवन सिद्धांत हा केंद्रक असलेल्या, म्हणजेच दृश्यकेंद्रकी पेशींच्या उगमाचे स्पष्टीकरण देणारा उत्क्रांतिशास्त्रातील सिद्धांत आहे. प्राणी, वनस्पती आणि कवके यांची शरीरे अशाच पेशींची बनलेली असतात. या सिद्धांतानुसार दीड अब्ज वर्षांहून अधिक काळापूर्वी आर्किया गटातील एका पेशीने ऑक्सिजन वापरणारा जीवाणू सामावून घेतला. तो न पचता आतच वाढू लागला व त्याच्या वंशजांपासून ऊर्जा पुरवणाऱ्या तंतुकणिका बनल्या. पुढे अशाच रीतीने सायनोबॅक्टेरियांपासून हरितलवके निर्माण झाली.

हरितलवकांविषयीचा हा विचार रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ कॉन्स्टंटिन मेरेझकोव्स्की यांनी १९०५ मध्ये मांडला. अमेरिकन जीवशास्त्रज्ञ लिन मार्ग्युलिस यांनी १९६७ मध्ये सिद्धांताची सविस्तर मांडणी केली. त्यांचा शोधनिबंध त्यापूर्वी अनेक नियतकालिकांनी नाकारला होता.

पुरावे

तंतुकणिकांमध्ये सहसा जीवाणूंसारखा वर्तुळाकार डीएनए व स्वतःचे रायबोसोम असतात. त्या नव्याने तयार होत नाहीत, तर विभाजनानेच वाढतात. मानवी तंतुकणिकेच्या डीएनएमध्ये मात्र केवळ ३७ जनुके उरली आहेत; मूळ जीवाणूची इतर जनुके केंद्रकात गेली किंवा नष्ट झाली. त्यामुळे तंतुकणिका पेशीबाहेर स्वतंत्रपणे जगू शकत नाहीत आणि बहुतेक दृश्यकेंद्रकी सजीवही त्यांच्याविना जगू शकत नाहीत.