सायकलच्या चिमट्याची निवड

समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर वसलेल्या बंगळूरचे रस्ते चढउतारांचे आहेत. उतारावर ब्रेक दाबताच स्वाराचा भार पुढे सरकतो व पुढचे चाक धरणाऱ्या चिमट्यावर मोठा ताण येतो. म्हणूनच वाकलेला चिमटा ठोकून सरळ करण्यापेक्षा बदलणे इष्ट. एकदा वाकलेले पोलाद पुढे अचानक तुटू शकते.

गिअर नसलेल्या सायकलीसाठी नवा चिमटा घेताना प्रथम हँडलकडे जाणाऱ्या दांड्याचा व्यास मोजावा. जुन्या सांगाड्यांत तो बहुधा २५.४, तर नव्यांत २८.६ मिलिमीटर असतो. नंतर चिमट्याची उंची जुन्याइतकीच आहे ना, हे पाहावे. अखेरीस पायांचा पुढे काढलेला बाक तपासावा. तो वाढला की हँडल हलके व चंचल होते. कमी झाला की जड, परंतु स्थिर राहते.