वाळूत अडकलेले कण : दीड शतकाचा मागोवा

1829 साली लंडनच्या चेल्सी वॉटरवर्क्स कंपनीसाठी जेम्स सिम्प्सन या अभियंत्याने थेम्सचे गढूळ पाणी वाळूच्या विस्तीर्ण थरातून संथपणे झिरपू देण्याची व्यवस्था उभारली, तेव्हा वाळू म्हणजे एक चाळणी, तिच्या छिद्रांहून मोठे असेल तेवढेच ती अडवणार, ही कल्पना कोणाच्याही मनात सहज यावी अशीच होती. परंतु ज्या वाळूतील पोकळ्या केसाच्या जाडीइतक्या रुंद, त्या वाळूत अवघ्या एका मायक्रॉनचा जंतू का थांबावा, या प्रश्नाचे समाधान चाळणीच्या कल्पनेने होण्यासारखे नव्हते. उत्तर हाती नसतानाही अंमल मात्र झाला: 1852 च्या कायद्याने लंडनला पुरवावयाचे नदीचे पाणी गाळूनच देण्याचे बंधन घातले, आणि 1856 साली दिजों शहराच्या पाणीपुरवठ्यावरील ग्रंथात हेन्री डार्सी याने वाळूतून वाहणाऱ्या पाण्याचा नियम प्रसिद्ध केला. त्या नियमात पाणी होते, पाण्यातील गाळ नव्हता.

वाळूच्या सामर्थ्याचा खरा दाखला 1892 साली मिळाला. एल्बेचे पाणी न गाळता पिणाऱ्या हॅम्बुर्गमध्ये पटकीने साडेआठ हजारांहून अधिक माणसे दगावली. आणि त्याला लागूनच असलेले आल्टोना, जे प्रवाहाच्या खालच्या अंगाला, म्हणजे हॅम्बुर्गचे सांडपाणी मिसळलेलेच पाणी उचलत होते, ते केवळ वाळूच्या गाळण्यांमुळे पुष्कळ अंशी बचावले. रोबेर्ट कॉख याने यातून जे अनुमान काढले ते मला आजही विलक्षण वाटते: नवी, स्वच्छ वाळू नव्हे, तर तिच्या पृष्ठावर साचलेला बुळबुळीत, कणांनी जवळजवळ बुजलेला थरच खरे रक्षण करतो, आणि म्हणून पाण्याचा वेग ताशी 100 मिलिमीटरपेक्षा अधिक असू नये. छिद्रे बुजणे हा दोष नसून गुणही असू शकतो, हे येथे प्रथमच इतक्या स्पष्टपणे मान्य झाले.

1937 साली जपानी अभियंता इवासाकी याने थरात जितके खोल जावे तितके कणांचे प्रमाण ठराविक गुणोत्तराने घटते, हे गणिताने मांडले. माझ्या मते या शास्त्राचा पाया त्यानेच घातला, आणि त्याचे नाव आपल्याकडे फारसे घेतले जात नाही याचा खेद वाटतो. पुढे 1971 साली याओ, हबिबियन आणि ओमेलिया यांनी कारणांचा उलगडा केला: अतिसूक्ष्म कण स्वैर स्पंदनाने भरकटत वाळूच्या दाण्याला जाऊन भिडतात, मोठे कण आपल्या भाराने खाली बसतात किंवा जाता जाता दाण्याला घासतात, आणि साधारण एका मायक्रॉनचे कण, ज्यांना यांपैकी कोणतीच प्रेरणा पुरेशी नसते, सर्वांत सहज निसटून जातात.

दाण्याला भिडलेला कण चिकटेलच असे नाही. वाळू आणि चिकणमाती या दोहोंवर पाण्यात बहुधा ऋण विद्युतभार असतो. पाण्यातील क्षार त्यांच्यातील प्रतिकर्षण आवरतात. म्हणूनच 1980 नंतरच्या दशकात खिलार आणि फॉग्लर यांना बेरिया वालुकाश्मात दिसले की खारे पाणी काढून गोडे पाणी सोडताच, क्षारांचे प्रमाण एका मर्यादेखाली जाताक्षणी, खडकातीलच मृत्तिकाकण सुटतात, वाहत जाऊन पोकळ्यांच्या अरुंद मुखाशी दाटतात आणि खडकाची पारगम्यता बघता बघता लोप पावते. तेलविहिरींच्या व्यवसायाला ही मोठीच ताकीद होती.

महाराष्ट्रात हेच शास्त्र पाझर तलावांच्या रूपाने आपल्या दारात आले. 1972 च्या दुष्काळानंतर असे तलाव मोठ्या संख्येने बांधले गेले. त्यांचा हेतू पाणी साठवणे नव्हता, मुरूम आणि भेगाळलेल्या बसाल्टातून ते खाली उतरवणे हा होता. पहिल्या पुराबरोबर काळ्या जमिनीची अतिसूक्ष्म माती येते, तळावर पापुद्रा धरते, त्याखालच्या पोकळ्यांत शिरते, आणि जो थर आल्टोनात जीव वाचवीत होता तोच येथे विहिरींचे पाणी अडवून धरतो. त्यामुळे मार्चअखेरही तुडुंब दिसणारा पाझर तलाव पाहून गाव संतोष मानीत असले, तरी पुष्कळदा त्याचा अर्थ पाणी खाली न उतरता उन्हाने उडून जाणार एवढाच असतो. तळ उघडा पडल्यावर, मृगापूर्वी, तो गाळ मुरूम दिसेपर्यंत खरवडून शेतात नेणे हे काम तलावाच्या मूळ मंजुरीतच तरतूद करून ठेवण्याइतके आवश्यक आहे. गाळाने जमीन सुधारते आणि विहिरींना पुन्हा पाझर फुटतो.